बेअरिंग गेलं

गाडीतून आवाज येतोय असं मेकॅनिकला सांगायला गेलं की तो पहिला प्रश्न विचारतो, 'कसला?' इथंच शिकलेल्या माणसाची पंचाईत होते. आवाजाचं वर्णन करता येत नाही, तो काढूनच दाखवावा लागतो. बँकेतून निवृत्त झालेला, कॉलनीच्या गणपतीत ज्याला आरतीचं ताट धरायला मानानं बोलावतात असा गृहस्थ भर रस्त्यात ओठांचा चंबू करून 'घूंऽऽऽ' करतो. मेकॅनिक डोळे बारीक करून ऐकतो आणि म्हणतो, 'घूं का घर्र?' मग गृहस्थ दोन्ही काढून दाखवतो. तोवर शेजारच्या चहाच्या गाड्यावरचे सगळे गप्प झालेले असतात.

या आवाजांचं एक शास्त्र आहे. वळताना पुढून 'टकटक' आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. ब्रेक दाबल्यावर 'खर्र' आलं तर लायनिंग संपलं. गाडी सुरू करताना 'चीं' झालं तर पट्टा सैल. आणि चाळीसच्या पुढं हळूच सुरू होणारं, वेगाबरोबर वर चढणारं, गाडी न्यूट्रलला टाकली तरी न थांबणारं जे 'घूं', ते चाकाचं बेअरिंग. इंजिनाशी त्याचं देणंघेणं नाही, चाक फिरतंय तोवर ते गातंय. गाडीत बसणाऱ्यांना कित्येक महिने तो रस्त्याचाच आवाज वाटतो, आणि आमच्या सोलापुरात रस्त्यावर संशय घ्यायला जागाही भरपूर.

माझ्या जुन्या मारुती ८०० मधलं 'घूं' ओळखलं ते गल्लीतल्या जॉबरमामांनी. मामा गिरणीत जॉबर होते. म्हणजे साचे नीट चालताहेत की नाही ते बघायचं, बिघडला तर उघडायचा, आणि कामगाराला शिव्या देऊन पुन्हा चालू करायचा. गिरणी बंद पडून जमाना झाला. मुलांनी पूर्व भागातलं घर आणि यंत्रमाग विकून इकडं जुळे सोलापुरात बंगला बांधला. पण मामांचे कान अजून पाळीवर जातात. खात्यात एवढा खडखडाट, त्यात एखाद्या साच्याचा धोटा जरा चुकीचा आपटत असला तरी ते चालता चालता थांबायचे म्हणे. एकदा सात रस्त्यापर्यंत सोडा म्हणून ते गाडीत बसले, आणि थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, 'साहेब, मागचं चाक गेलंय.'

मी दचकून आरशात पाहिलं.

'गेलंय म्हंजे तसं नव्हं. बेअरिंग गेलंय त्याचं. डावं का उजवं ते वळणावर कळंल.'

युक्ती सोपी आहे. गाडी डावीकडं वळली की तिचं वजन उजव्या चाकांवर येतं, उजवीकडं वळली की डाव्या. ज्या वळणावर 'घूं' वाढतं त्याच्या उलट्या बाजूचं चाक दोषी. पण त्यासाठी वेगात घेता येईल असं लांब वळण लागतं, आणि सोलापूरभोवतीचा मुलूख असा सपाट आहे की अक्कलकोट रस्त्याला सुटलेला माणूस स्टिअरिंग न हलवता स्वामींपर्यंत पोचावा. गावातली वळणं घ्यावीत तर तिथं रिक्षावाला आपल्याला वीसच्या वर जाऊ देत नाही. राहता राहिला तुळजापूरचा घाट. तेव्हा आम्ही सहकुटुंब तुळजाभवानीच्या दर्शनाला गेलो. घरच्यांना माझ्या या अचानक उफाळलेल्या भक्तीचं कौतुक वाटलं. घाट लागल्यावर ही म्हणाली, 'अहो, कळस दिसेल आता, गाणी बंद करा.' गाणी मी केव्हाच बंद केली होती. उजव्या वळणावर 'घूं' वाढलं, डाव्यावर दबलं. मागचं डावं.

जाताना गाडीत आम्ही किती होतो आणि ओटीच्या पिशव्या किती होत्या ते सांगत नाही, कारण बेअरिंगच्या आयुष्याचं गणित फार कडक आहे. भार दुप्पट झाला तर बॉल-बेअरिंगचं आयुष्य निम्मं होत नाही, एक अष्टमांश उरतं. भाराच्या घनाच्या प्रमाणात ते घटतं. कंपन्यांच्या पुस्तकात आयुष्य छापलेलं असतं तेसुद्धा मोठ्या सचोटीनं: शंभरातली नव्वद बेअरिंगं एवढी टिकतील, उरलेल्या दहांचं आम्ही सांगत नाही. आपलं बेअरिंग त्या दहांत आहे का, हे कुणालाच ठाऊक नसतं. विम्याच्या एजंटानं इतकं सरळ बोललेलं मी ऐकलेलं नाही.

आता हे काम घरी करायचं कारण काय? गॅरेजची मजुरी काही फार नसते, आणि आपण घालवलेला वेळ धरला तर घरचं काम महागच पडतं. पण निवृत्त माणसाचा वेळ कुणी धरत नाही, हा एक भाग. दुसरा भाग असा, की बेअरिंग बसवताना त्याच्या कुठल्या कड्यावर हातोडी पडते यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं, आणि घाईतल्या पोराच्या हातोडीला कडी सारखीच. 'मी स्वतः बदलणार' असं मी जाहीर केल्यावर ही फक्त एवढंच म्हणाली, 'रविवारी करा. सोमवारी गॅरेज उघडं असतं.'

बेअरिंग आणायला मी मोटारीच्या दुकानात गेलोच नाही. यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो, कारण बेअरिंगला गाडी कळत नाही, नंबर कळतो. ६२०४ म्हटलं की जगभर एकच वस्तू. ६ म्हणजे एका ओळीचं, खोल खाचेचं बॉल-बेअरिंग, २ म्हणजे मापाची मालिका, आणि शेवटच्या ०४ ला पाचानं गुणलं की मधलं भोक २० मिलिमीटर. ६२०५ असेल तर २५. फक्त ६२०० ते ६२०३ या चौघांना हा हिशेब लागू नाही, ६२०३ चं भोक १७. प्रत्येक घराण्यात असे काही असतातच. शेवटी 'झेड झेड' असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, 'टू आर एस' असेल तर रबराची. तोच नंबर पाण्याच्या मोटरीत, तोच वॉशिंग मशीनमध्ये, तोच मागाच्या मोटरीत. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत बोलत होता, नंबर तिघांचेही तेच इंग्रजी आकडे. मला म्हणाला, 'वरिजनल देऊ का डुप्लिकेट?' हा प्रश्न मला नेहमी आवडतो. इतक्या उघडपणे डुप्लिकेट विकणारा माणूस प्रामाणिकच म्हणायचा. भीती असते ती न विचारता देणाऱ्याची. तिथं खोकं, छपाई, चकचकीतपणा सगळं अस्सल असतं, पोलाद तेवढं नसतं.

बेअरिंग घेऊन आलो ते सरळ फ्रीझरमध्ये. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागं पदार्थविज्ञान आहे. बेअरिंग ड्रमच्या खोबणीत घट्ट बसावं लागतं, इतकं घट्ट की हातानं आत जाता कामा नये. गॅरेजात ते दाबून बसवायला प्रेस असतो. घरी प्रेस नाही, पण थंडी आणि ऊन आहे. पोलाद तापलं की वाढतं, गारठलं की आक्रसतं. समजा बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर आहे. ते चाळीस अंशांवरून उणे अठरापर्यंत नेलं तर एका मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांशांनी लहान होतं. ड्रम उन्हात ठेवून साठीला नेला तर खोबण आणखी एका शतांशानं मोठी. दोन्ही मिळून माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढी सवलत. या धंद्यात अर्धा केस म्हणजे पुष्कळ झाला. आणि मे महिन्यात, पारा ४३-४४ वर असताना, सोलापूरच्या माणसाला ड्रम तापवायला काही करावं लागत नाही. तो फरशीवर ठेवायचा आणि आत जाऊन ताक प्यायचं. या उन्हाला आपण जन्मभर नावं ठेवतो, कामाला मात्र कधी लावत नाही.

फ्रीझरवरून घरात थोडं झालं. बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं होतं, दमट हवेनं गंजू नये म्हणून. तरी हिनं ते मटारांपासून लांब, बर्फाच्या ट्रेपलीकडं सरकवलं आणि पिशवीवर चिठ्ठी लावली: 'हे खायचं नाही.' पाहुणे यायचे होते.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी गाडी घरापुढच्या फरशीवर घेतली. 'घरी' काम करायचं म्हणजे एकट्यानं करायचं, असं परदेशातल्या व्हिडिओत दिसतं. तिथं बंद गॅरेजात एक दाढीवाला माणूस असतो आणि चिटपाखरू नसतं. आमच्याकडं जॅकचा पहिला दांडा फिरायच्या आत समोरचे वकील दात घासत आले, दूधवाला थांबला, गल्लीतली पोरं सायकली आडव्या टाकून उकिडवी बसली. मामांसाठी खुर्ची आली. 'काय करलालाव बे?' असं एका पोरानं दुसऱ्याला विचारलं आणि दुसऱ्यानं 'साहेबाची गाडी खोललालेत' असं उत्तर दिलं. हे ऐकून आणखी दोघं आले.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, नाहीतर वर उचलल्यावर नटाऐवजी चाकच फिरतं. पुढच्या चाकांना मागंपुढं दगड, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक मात्र सोडलेला, कारण तो मागच्याच ड्रमला धरून ठेवतो. जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, खाली जाड लाकडी ठोकळा हवाच. हे सगळं मी करत असताना मामा काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर चाललं होतं. चाक काढण्याआधी त्यांनी खुणेनं थांबवलं. मग मी एका हातानं मागच्या स्प्रिंगला धरून दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. स्प्रिंगमधून बोटांना बारीक खरखर लागली. वर-खाली धरून हलवलं तर चाक किंचित लुकलुकलं. वकिलांनाही हलवून बघायचं होतं. त्यांनी हलवलं, मान डोलावली आणि तोंड धुवायला गेले.

पुढं मधलं पत्र्याचं टोपण, कॉटर पिन, कंगोऱ्यांचा नट. कॉटर पिन जुनी पुन्हा वापरायची नाही, दोन-चार रुपयांची वस्तू आहे. ड्रम मात्र हाताला येईना. वर्षानुवर्षं ब्रेकच्या पट्ट्यांनी आत खळगा पाडला की कड उरते आणि पट्ट्या त्या कडेला अडकतात. गॅरेजवाल्यानं पुलर उसना दिला होता. देताना 'लागलं तर बोलवा' म्हणाला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलंच नाही असं दाखवलं होतं. पुलर लावल्यावर ड्रम 'टक्' करून सुटला. आतली काळी भुकटी तोंडानं फुंकायची नसते, जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून ओल्या फडक्यानं टिपून घेतली. एका पोराला फुंकायची फार हौस होती, त्याला मामांनी 'सरक बे' म्हणून हटवलं.

ड्रममध्ये दोन बेअरिंगं, आत एक आणि बाहेर एक, आणि त्यांच्यामध्ये एक साधी नळी. ही नळी फार महत्त्वाची. ती नसेल तर नट आवळला की दोन्ही बेअरिंगांची आतली कडी एकमेकांकडं रेटली जातात आणि नव्या बेअरिंगचा त्याच आठवड्यात जीव जातो. जुनी बेअरिंगं पंच लावून, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला ठोकत बाहेर काढली. त्यातल्या एकाचं रबरी झाकण उचकटून डिझेलनं धुतलं. वंगण पार काळं होऊन त्यात तांबूस पाणी शिरलेलं होतं. मागच्या पावसात पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढली होती, ते अजून तिथं होतं. छर्ऱ्यांची चकाकी गेली होती आणि बाहेरच्या कड्याच्या खाचेत, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, पोलादाचा पापुद्रा उडाला होता. तुळजापूरच्या घाटातलं सगळं गाणं त्या एवढ्याशा जागेतून येत होतं. चाक फिरताना एकामागून एक छर्रा त्या खड्ड्यातून जायचा, आणि अशा कितीतरी ठेचा सेकंदाला लागल्या की कानाला 'घूं' ऐकू येतं.

ड्रम उन्हात तापेपर्यंत थांबायचं होतं. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही बाहेरच आलं. तेव्हा मी मामांना स्वीडनची गोष्ट सांगितली. गॉथेनबर्ग गावात एक कापडगिरणी होती. तिथं स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर साच्यांच्या देखभालीला. त्या काळी गिरणीत छताखाली लांबलचक शाफ्ट फिरायचे आणि त्यांच्यावरून पट्ट्यांनी साचे चालायचे. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती दबायची, इमारत किंचित कलायची, शाफ्ट वाकडा व्हायचा आणि बेअरिंगं सारखी जायची. कंटाळून त्यानं १९०७ मध्ये असं बेअरिंग काढलं, की शाफ्ट थोडा तिरपा झाला तरी आतलं कडं छर्ऱ्यांसकट आपोआप कलून जुळवून घेईल. त्याच वर्षी त्यानं कंपनी काढली. तीच ती एसकेएफ, जिचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे. पुढं व्होल्वो मोटारी निघाल्या त्यासुद्धा याच कंपनीच्या पोटातून.

मामा चटणी कालवत ऐकत होते. म्हणाले, 'म्हंजे जॉबरच की तो.'

'तसाच.'

'मग आमच्या काळ्या रानात तरी काय येगळं हुतं? पावसाळ्यात फुगायचं, उन्हाळ्यात भेगा. भिंती तडकायच्या. बेअरिंगं आमचीबी जायची.' थोडा वेळ थांबून म्हणाले, 'आम्ही नवी बसवायचो.'

यावर मला काही बोलता आलं नाही. १८७७ साली सुरू झालेल्या आमच्या जुन्या मिलमध्येही असे किती कान असतील. त्यातला एखादा कंपनी काढता तर, असं मनात येऊन गेलं, पण बदली कामगाराला पेटंटचा अर्ज कुठं मिळतो हे त्याला कोण सांगणार होतं? कंपनी काढणारा सोलापूरकर झाला तो वेगळ्या घरातला. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२, सोलापूर. त्यानं १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजाचा, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स, जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढं फियाट आणि पद्मिनी निघाल्या. विमान, जहाज आणि मोटार! या गावातल्या एका माणसानं बेअरिंगांना एवढं गिऱ्हाईक मिळवून दिलं, बेअरिंग तेवढं स्वतः काढलं नाही. वकील म्हणाले, त्यांच्या वडिलांची पद्मिनी होती आणि तिचं बेअरिंग कधीच गेलं नाही. वकिलांच्या वडिलांचं काहीच कधी गेलं नव्हतं, हे गल्लीला ठाऊक आहे.

ड्रमला हात लावला तर चटका बसला. मी फ्रीझरकडं धावलो. आता सगळं झटपट, अर्ध्या केसाची सवलत फार वेळ टिकत नाही. बेअरिंग खोबणीच्या तोंडाशी सरळ टेकवलं आणि त्याच्या बाहेरच्या कड्याएवढ्या व्यासाचा बॉक्स पान्ह्याचा गोट वर ठेवला. हातोडी बाहेरच्याच कड्यावर बसली पाहिजे. आतल्या कड्यावर मारली की तो मार छर्ऱ्यांमधून पलीकडं जातो, खाचेत डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात, आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी 'घूं' म्हणतं. हलक्या हातानं ठोकत गेलो. 'टण्, टण्, टण्.' बेअरिंग सरकत होतं. मामांनी डोळे मिटले होते. पोरं गप्प. 'टण्, टण्, ठक्.'

'बसलं,' मामा म्हणाले. 'आता एकबी मारू नका.'

ते तळाला टेकलं की आवाज भरीव होतो, हे पुस्तकातही दिलेलं आहे, पण पुस्तक खुर्चीवर बसून ऐकत नाही. मग नळी. नळी जागेवर नव्हती. एका पोरानं ती अंगठ्यात घातली होती आणि आता निघत नव्हती. वंगण लावून काढली, त्याच्या आईनं वरून पाहिलं आणि आत गेली. दुसरं बेअरिंग, ड्रम, नवा वॉशर, नट, नवी कॉटर पिन. हबमध्ये वंगण भरताना मामांनी हात धरला: 'कोंबू नका.' बरोबरच आहे. पोकळीचा तिसरा हिस्सा वंगण पुरतं, जास्त झालं की ते घुसळून घुसळून तापतं आणि पातळ होऊन ब्रेकवर येतं. कमी वंगणानं बेअरिंग जातं हे सगळ्यांना माहीत असतं, जास्तीनं जातं हे मामांना माहीत होतं.

संध्याकाळी हैदराबाद रस्त्याला चक्कर मारली. मामा शेजारी, मागं वकील. साठला गेलो, सत्तरला गेलो. मामा खिडकी खाली करून, वर करून ऐकत राहिले. मग म्हणाले, 'उजव्या दारात काय तरी हाय. पण ते आजचं काम नव्हं.'

परत आलो तर पोरं फाटकाशी उभी होती. सकाळपासून ती एवढ्या निष्ठेनं का बसली होती ते आता कळलं. एका फळकुटाला त्यांनी मागं दांडा ठोकून ठेवला होता, पुढं सुकाणूला दुसरा, नायलॉनची दोरीसुद्धा बांधून तयार. बेअरिंगची गाडी. ती डांबरावरून जाते तेव्हा जो आवाज होतो तो तोंडानं काढून दाखवता येत नाही. जुनी दोन्ही बेअरिंगं मी त्यांना देऊन टाकली. मागची दोन चाकं झाली. त्यांनी ती दांड्याच्या टोकांना लावून बघितली, लहान आहेत यावर थोडा वाद घातला, मग चालतील असं ठरलं. गाडीला चाकं तीन लागतात. त्यातल्या सगळ्यात लहान पोरानं माझ्या गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन चाकाला कान लावला आणि तिथूनच ओरडून विचारलं,

'आजोबा, ह्ये बेअरिंग कधी जातंय हो?'